आधी अडसर काढा, मग बोलू

अटलांटा शहराच्या नैऋत्येला कॅस्केड नावाचा भाग आहे. झाडीचा, चढउतारांचा, ऐसपैस अंगणांचा. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याला घरी सोडायला तिकडे गेलो होतो. पेटन रोडवर वळलो तसं तो म्हणाला, "जरा हळू घे. इथं भिंत होती." मी काच खाली करून पाहिलं. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी विटांची घरं, एका अंगणात बंद पडलेलं गवत कापायचं यंत्र आणि त्याच्यावर वाकलेले एक आजोबा. भिंतीची खूण मला तरी काही दिसली नाही.

खरं तर ती भिंत नव्हतीच. रस्त्यात रोवलेले लोखंडी खांब, त्यांना ठोकलेल्या आडव्या फळ्या आणि 'रस्ता बंद' अशी पाटी, एवढंच. १८ डिसेंबर १९६२ च्या सकाळी महापालिकेच्या कामगारांनी पेटन रोड आणि शेजारचा हार्लन रोड अडवला. नगरसभेचा ठराव आदल्याच दिवशी झाला होता. निमित्त काय, तर डॉ. क्लिंटन वॉर्नर या शल्यविशारदांनी पेटन फॉरेस्ट या गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचं ठरवलं. शिकलेला, महायुद्धात लढून आलेला, पैसा राखून असलेला माणूस. शेजारी म्हणून कुणीही आनंदानं पसंत करावा असा. फक्त रंगानं काळा. गोऱ्या रहिवाशांनी महापौरांकडे धाव घेतली आणि महापौरांनी रस्ता बंद केला. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा जेमतेम सोळा महिने झाले होते. 'अटलांटाची बर्लिन भिंत' हे नाव पडायला वेळ लागला नाही.

या गोष्टीतला महापौर खलनायक असता तर लेख लिहायची गरजच नव्हती. आयव्हन ऍलन ज्युनियर हे १९६१ ची निवडणूक लेस्टर मॅडॉक्स या कडव्या वंशभेदवाद्याला हरवून आले होते, आणि त्या विजयात कृष्णवर्णीयांच्या मतांचा मोठा वाटा होता. सिटी हॉलमधल्या 'गोऱ्यांसाठी', 'काळ्यांसाठी' या पाट्या त्यांनी आल्या आल्या उतरवल्या. 'द्वेष करायला फुरसत नसलेलं शहर' ही अटलांटाची जाहिरात त्यांच्या आधीच्या महापौरांची, पण ती मनापासून खरी मानणारे ऍलन होते. व्यापारी घराण्यातला, चेंबर ऑफ कॉमर्समधून आलेला माणूस. त्यांच्या लेखी प्रत्येक भांडण म्हणजे न झालेला सौदा.

आणि सौदा त्यांनी खरोखरच मांडला. शेजारी मोठी मोकळी जमीन पडून आहे, ती कृष्णवर्णीयांच्या घरांसाठी खुली करू. तुम्ही पेटन फॉरेस्टमधली खरेदी थांबवा. मग रस्त्याचंही बघता येईल. शहरातल्या कृष्णवर्णीयांना घरांसाठी जमीन हवी होती हे खरंच होतं. लोकसंख्येच्या मानानं त्यांच्या वाट्याला आलेली जागा अगदी तुटपुंजी होती. म्हणजे देऊ केलेली वस्तू खोटी नव्हती. तरीही त्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन समिती केली आणि कळवलं: अडसर हटल्याशिवाय आम्ही बोलायला बसणार नाही.

त्या काळातल्या 'समंजस' लोकांना हा हट्ट वाटला. मला तो सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

का, ते सांगायला मला आमच्या गावाकडे जावं लागेल. माझ्या चुलत्यांच्या शेताकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाते. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर बांधवाल्यानं तिच्यात बाभळीचे काटे आणून टाकले आणि वर निरोप पाठवला, "बसून बोलू की." काका बसले नाहीत. तहसीलदाराकडे गेले. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा शेतकऱ्याला तोंडपाठ असतो तो उगाच नाही. त्याच्या पाचव्या कलमाचा रोख साधा आहे: वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर आधी ती मोकळी करून द्या. जमीन कुणाची, हक्क कुणाचा, हे भांडण नंतर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चालवा. पण ते चालू असताना बैलगाडी शेतात गेली पाहिजे. इंग्रजांच्या काळातल्या या रुक्ष कायद्यात एक मोठं शहाणपण आहे. ज्यानं काटे टाकले त्याला काट्यांच्या जोरावर बोलणी करू द्यायची नाहीत. कारण तशी करू दिलीत, तर काटे काढणं हीच त्याची 'सवलत' ठरते आणि त्या सवलतीच्या बदल्यात तो तुमच्याकडून काहीतरी मागून घेतो. तुमचं होतं तेच तुम्हाला विकत मिळतं.

ऍलन नेमकं हेच करत होते. पेटन रोड १७ डिसेंबरपर्यंत सगळ्यांचा होता. १८ तारखेला तो महापौरांच्या हातातला पत्ता झाला. बरं, ज्या नगरसभेनं ठराव केला तिच्यात तेव्हा एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता; पहिला निवडून आला तो १९६५ साली. म्हणजे रस्ता अडवताना ज्यांना विचारलं नाही त्यांना तो उघडण्याची किंमत ठरवायला मात्र बोलावलं होतं. वाटाघाट म्हणजे मुळात वाटणं आणि घाटणं. इथं पाटा एकाचा, वरवंटा एकाचा आणि वाटला जाणारा तिसराच.

समितीनं नुसता नकार दिला नाही. डिसेंबरच्या थंडीत सिटी हॉलसमोर निदर्शनं झाली, त्या भागातल्या गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार पडला, आणि लोक कोर्टात गेले. एका रात्री कुणीतरी अडसर उपटून ओढ्यातही फेकला. पालिकेनं तो पुन्हा बांधला. अखेर १ मार्च १९६३ ला फुल्टन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयानं रस्ताबंदी बेकायदा ठरवली. ऍलन बहुधा याचीच वाट पाहत असावेत. कामगार तयार ठेवलेले होते, निकाल आल्यावर काही मिनिटांतच खांब उपटले गेले. आपली ती चूक होती हे त्यांनी पुढे स्वच्छ कबूल केलं. त्याच वर्षी २६ जुलैला ते सिनेटच्या समितीपुढे गेले आणि हॉटेलं, खाणावळी सगळ्यांना खुल्या करणाऱ्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूनं साक्ष दिली. दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या शहराच्या गोऱ्या महापौरानं असं करणं तेव्हा अघटित होतं. माणूस बदलतो तो असा, आणि त्याचं श्रेय मी तरी वाटाघाटींपेक्षा त्या नकाराला देईन.

आता यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप मला ठाऊक आहे. कोर्ट, बहिष्कार हे सगळं ठीक, पण शेजाऱ्याशी शेवटी बोलावंच लागतं ना? आणि बोलून रस्ते उघडल्याची उदाहरणंही आहेत की. आहेत. सगळ्यात ताजं आणि सगळ्यात बोलकं डेट्रॉइटचं.

डेट्रॉइटच्या पूर्वेला आल्टर रोड ही हद्द. अलीकडे डेट्रॉइट, बहुतांश कृष्णवर्णीय, मोडकळीला आलेलं, २०१३ साली दिवाळखोरीत गेलेलं. पलीकडे ग्रोस पॉइंट पार्क, बहुतांश गोरं आणि खाऊनपिऊन सुखी. कर्शेव्हल ॲव्हेन्यू या दोन्हींतून सरळ जातो. २०१४ च्या उन्हाळ्यात ग्रोस पॉइंट पार्कनं हद्दीलगत, रस्त्याच्या मधोमध, शेतमाल बाजाराच्या शेड उभ्या केल्या. लोखंडी खांबही नाहीत, 'रस्ता बंद' अशी उर्मट पाटीही नाही. टोमॅटो, मध आणि फुलांचे गुच्छ विकायला सुबक लाकडी शेड. पन्नास वर्षांत अडसराला एवढी सभ्यता आली. हे गाव म्हणजे ग्रोस पॉइंट नावाच्या त्या उपनगरांपैकी, जिथले घरदलाल १९६० पर्यंत गिऱ्हाइकाला चक्क गुण देत असत. खासगी हेर लावून त्याचं बोलणं, राहणी, रंगाचा सावळेपणा तपासायचा. पोलिश असाल तर पास व्हायला जास्त गुण, दक्षिण युरोपातले असाल तर त्याहून जास्त, ज्यू असाल तर आणखी जास्त. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना परीक्षेलाच बसता येत नसे. आपल्यापैकी जे तिकडे स्थायिक झालेत त्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

डेट्रॉइटचे महापौर माइक डगन बोलणी करायला बसले. काही आठवड्यांत तोडगा निघाला: शेड हटतील, रस्ता उघडेल, आणि डेट्रॉइट आपल्या बाजूची पडकी, ओसाड घरं पाडून हद्द स्वच्छ करेल. शेड गेल्या. सगळे खूश.

डगनना मी दोष देत नाही. दिवाळं निघालेल्या शहराच्या महापौराला ताठ मान परवडत नाही, आणि ती पडकी घरं आज ना उद्या पाडायचीच होती. पण सौदा काय झाला ते नीट पाहा. एका गावानं सार्वजनिक रस्ता अडवला. तो उघडण्यासाठी दुसऱ्या शहरानं आपलं घर शेजाऱ्याच्या नजरेला खुपणार नाही इतपत झाडून घ्यायचं कबूल केलं. गरिबानं आधी अंघोळ करून यावं, मग दार उघडू. आणि ग्रोस पॉइंट पार्कला या सगळ्यातून कळलं काय? रस्ता अडवला की शेजारी ऐकतो. तो धडा कोणत्याही करारनाम्यात लिहावा लागत नाही.

अडवणारे कधीच 'आम्हाला ते लोक नकोत' असं म्हणत नाहीत. मेम्फिसमध्ये हाइन पार्क या गोऱ्या वस्तीनं सत्तरच्या दशकात आपल्या वेस्ट ड्राइव्हचं उत्तरेचं तोंड बंद करायची मागणी केली. त्या तोंडापलीकडे कृष्णवर्णीयांची वस्ती. कारणं सांगितली ती अशी: रहदारी कमी व्हावी, मुलांची सुरक्षितता, आवाज, कचरा. पालिकेनं मान्यता दिली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी पालिका जिंकली. बहुमताच्या मते हा थोडासा वळसा म्हणजे शहरात राहणाऱ्या कुणालाही सोसावी लागते तशी किरकोळ गैरसोय. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात हे सगळं उलटं करून दाखवलं: वळसा दोन मिनिटांचा असेल, पण एका गोऱ्या वस्तीनं काळ्या शेजाऱ्यांना आपल्या अंगणातून जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि शहरानं त्यावर शिक्का मारला, मुद्दा हा आहे. मला या खटल्यातला 'किरकोळ' हा शब्द राहून राहून आठवतो. गावकुसाबाहेरून पाणी आणायला जाणाऱ्या बाईलाही अंतर किरकोळच असतं की. मोजून पाहिलं तर.

रहदारीचं कारण नेहमी खोटंच असतं असं मी म्हणत नाही. मुलं खेळतात त्या गल्लीतून कुणी भरधाव गाड्या हाणत असेल तर गतिरोधक घाला, चौकात वर्तुळ करा. त्यानं सगळ्यांचाच वेग कमी होतो. अडसर मात्र काहींचाच वेग शून्यावर आणतो.

बरं, हा निव्वळ काही वस्त्यांच्या कोत्या मनाचा प्रश्न होता का? तसंही नाही. घरकर्जाला हमी देणाऱ्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या १९३० च्या दशकातल्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक किंवा कृत्रिम अडथळे वस्तीचं 'विसंगत वंशगटां'पासून रक्षण करतात, असं सरळ लिहिलेलं होतं. डेट्रॉइटच्या एट माइल भागात १९४१ साली एका बिल्डरनं सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे त्याच्या घरांना हमी मिळत नव्हती. भिंत झाली, हमी मिळाली. ती अजून उभी आहे, आता तिच्यावर चित्रं रंगवली आहेत. म्हणजे पेटन रोडवरचा रहिवासी घाबरला तो हवेत नाही. काळा शेजारी आला की घराची किंमत घसरते, हे त्याला बँक सांगत होती आणि बँकेला सरकार. त्या भीतीवर दलालांनी गल्ला भरला. गोऱ्याला घाबरवून स्वस्तात घ्यायचं, घरासाठी आसुसलेल्या काळ्याला महागात विकायचं.

पेटन फॉरेस्टचं पुढे काय झालं, हे अडसराचे समर्थक आजही पुरावा म्हणून सांगतात. खांब मार्चमध्ये उपटले आणि जुलैअखेर त्या वस्तीत गोरे घरमालक उरले फक्त पंधरा. ऍलन सिनेटपुढे साक्ष देत होते त्याच आठवड्यात त्यांच्या शहरातली ती वस्ती रिकामी झालेली होती. "बघा, अडसर होता तोवर लोक थांबले होते." मला याचा अर्थ अगदी वेगळा दिसतो. एका डॉक्टरनं एक घर घेतलं असतं तर ती एक खरेदी ठरली असती. पालिकेनं रस्त्यात खांब रोवले तेव्हा तिनं प्रत्येक गोऱ्या कुटुंबाला अधिकृतपणे कळवलं की हे युद्ध आहे आणि ही सीमा आहे. मग सीमा पडल्यावर पळापळ होणारच. पळायला कुणी लावलं? वॉर्नर यांनी तर नक्कीच नाही.

पळालेले गेले कुठे, याचं उत्तर मला माझ्या घराच्या पत्त्यात सापडतं.

अटलांटात उघडे अडसर बदनाम झाले, पण मिटलेल्या ओठांचे चालूच राहिले, कारण ते आधीपासूनच होते. शहराच्या पश्चिमेचा महामार्ग ही गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली हद्द असेल अशी 'समजूत' झाल्याचं पालिकेच्या नियोजन खात्यानंच १९६० च्या अहवालात नोंदवलं आहे. पॉन्स द लिऑन ॲव्हेन्यू ओलांडला की मोरलंड ॲव्हेन्यूचा ब्रायरक्लिफ रोड होतो आणि बुलेव्हार्डचा मन्रो ड्राइव्ह. रस्ता तोच, नाव वेगळं, म्हणजे पत्त्यावरून शेजार कळू नये. नवीन आलेल्या पाहुण्यांना मी पूर्वी हे गंमत म्हणून सांगायचो. मग १९७१ मध्ये मार्टा ही रेल्वे-बससेवा हवी का, असं अटलांटाभोवतीच्या काउंट्यांना विचारलं गेलं, तेव्हा क्लेटन आणि ग्विनेट यांनी नाही म्हटलं. कॉब तर १९६५ लाच बाहेर पडलं होतं. ग्विनेटनं १९९० मध्ये पुन्हा नाकारलं आणि २०१९ मध्ये पुन्हा. गाडी नसलेल्या माणसाला काउंटीच्या हद्दीवरचं हे 'नाही' कुठल्याही लाकडी फळीपेक्षा भक्कम पडतं, आणि ते उपटून ओढ्यात फेकता येत नाही.

आणि आम्ही मराठी माणसं कुठे राहतो? अटलांटाच्या उत्तरेच्या गावांत: अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग. कमिंग हे फोर्साइथ काउंटीचं मुख्य गाव. १९१२ मध्ये या काउंटीतून हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना धाकदपटशा करून हाकलून लावलं, आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत ती जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. १९८७ मध्ये नागरी हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्यांवर इथं दगडफेक झाली. आज इथं इडलीचं पीठ मिळतं, दिवाळीचा फराळ ऑर्डर करता येतो. घर घेताना आम्ही दोनच प्रश्न विचारले: शाळा किती गुणांच्या आणि रीसेल कसा. ही शांतता कुठून आली, हा तिसरा प्रश्न कुणाला सुचला नाही, मलाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्यांना. महात्मा फुले जयंतीला आमच्याकडे भाषणं होतात, त्यात ही अर्पणपत्रिका हमखास वाचली जाते. टाळ्या पडतात. मग सगळे आपापल्या गेटचा कोड दाबून घरी जातात.

आमच्या वसाहतीच्या मागे सध्या भाड्याच्या घरांची नवी इमारत होते आहे. तिथून आमच्या तळ्याकाठून शाळेकडे जाणारी जुनी पायवाट आहे. या महिन्याच्या असोसिएशनच्या विषयपत्रिकेत चौथा विषय आहे, 'मागील पायवाट: सुरक्षितता आणि वाहतूक'. पायवाटेवर कसली वाहतूक, हे मी समितीतल्या आमच्याच एका मराठी गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, घरांच्या किमतीचा प्रश्न आहे. आणि आपण काही बंद करत नाही आहोत. कोडचं गेट लावू, शाळेच्या वेळेत उघडू, बदल्यात बिल्डरकडून तळ्याभोवतीचं कुंपण करून घेऊ. मीटिंगला या, चर्चा करू."

मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे. गेटचे खांब गेल्या शनिवारीच रोवून झाले.